वीस धपाट्यांचा डबा

आई, तुला आणि आबांना जय भीम. सौरभ हे वाचून दाखवंल. एकबी ओळ गाळू नको म्हणावं त्याला.

मी बरी हाय. वजन उतरवायला पोट कापून लहान केलं, त्याला दीड महिना झाला. दुपारी चार चमचे मऊ वरणभात, तोबी चावून चावून. जेवताना पाणी बंद. उभ्यानं तांब्या रिकामा करणारी मी, आता अर्ध्या तासानं घोट घोट पिते. घाई केली की सगळं उलटून पडतं.

तू पुण्याच्या एसटीत कंडक्टरकडं दिलेला डबा पोचला. वीस धपाटे! खोलीतल्या पोरींनी खाल्ले. मी नुसता वास घेतला.

सोयरिकीसाठी मला बघायला आलेल्या बायकांच्या पंगतीत माझ्या ताटातली दुसरी भाकर तूच उचलली होतीस. "लई खाते," म्हणून हसलीस. तवा भूक होती. आता डबे कशाला धाडतीस?

गुडघे कसे हायेत? गोळ्या चुकवू नको.

पौर्णिमेला येते. त्याच बायका जेवायला बोलव. मला दोन भाकरी वाढ. मी तीन घासांवर उठंन, मग त्यांच्यासमोर माझं भरलं ताट तूच उचल.

तुझी लई खाणारी लेक,
राजश्री