जुन्या चकतीची पिशवीतली जागा

मेढा,
दसऱ्याचा दुसरा दिवस

आदरणीय नाथाजी दाजी यांस,

धाकटा मेहुणा मानसिंग याचा उभ्यानेच नमस्कार. (वाकून करणार होतो, पण कंबर धरली आहे. कारण पुढे येईल.) इकडे सगळे खुशाल आहेत. मांजर जरा जास्तच खुशाल आहे, तेही पुढे येईल. तुमचा खांदा कसा आहे? तुम्ही ‘ठीक’ म्हणून फोन ठेवता, म्हणून मी अक्काला वेगळा फोन केला. ती म्हणाली, खांदा बरा झाला पण माणूस बिघडला. दिवसभर खुर्चीत बसून मला भेंडी कशी चिरायची ते शिकवतात. दाजी, हे दुखणं माझ्या ओळखीचं आहे. पलटणीतून पेन्शनीवर आलो तेव्हा मीही राणीच्या डब्यांना उंचीप्रमाणे फॉलिन केलं होतं. तिखटाचा डबा सापडेना म्हणून त्या दिवशी आम्ही अळणी जेवलो, आणि तिने माहेरची पिशवी भरायला घेतली.

तेव्हा तुम्हीच मला घराबाहेर काढलंत. तुमच्या जयराजकडे अमेरिकेला जाऊन आलात आणि येताना हे चकत्यांचं खूळ घेऊन आलात. (मेढ्यातल्या लोकांना मी अजून समजावतोय, की लांबवर साखळ्यांची टोपली उभी करायची आणि कमीत कमी फेकींत चकती तिच्यात घालायची, एवढाच खेळ आहे. परवा सुलाबाईंनी विचारलंच, “आवं सुभेदार, ताटं जेवायची असत्यात का फेकायची?”) अजीमने आपल्या वेल्डिंगच्या दुकानात बैलांच्या जुन्या साखळ्या जोडून टोपल्या बनवल्या आणि माळावर रोवल्या. तुम्ही तुमची निळी चकती, ती फेअरवे ड्रायव्हर, माझ्या हातात दिलीत. तीच, लांब आणि सरळ जायची, जिच्या पाठीवर तुम्ही खिळ्याने ‘ना’ कोरलाय.

आता मुद्द्याचं. गेल्या महिन्यात तुम्ही नवी कोरी लाल चकती पाठवलीत आणि फोनवर म्हणालात, “जुनी काढून टाक रं. झिजली ती. आन् मीबी आता न्हाई खेळत.” घरच्या जावयाची आज्ञा. माझ्या पाठीवरच्या पलटणी पिशवीत, पिट्ठूत, जागा किती ते तुम्हाला माहीत आहे. चकत्या, पाण्याची बाटली, गुडघ्याचं तेल, आणि राणीची भाकरी, जिच्यापुढे बाकी सगळ्यांनी दाटीवाटीने बसायचं. म्हणून मी निळी बाहेर काढली आणि लाल आत घातली. निळी कट्ट्यावर ठेवतो न ठेवतो तोच राणीने उचलली आणि दुधाच्या पातेल्यावर ठेवली. अशी चपखल बसली, की अमेरिकेत ती मुळात म्हशीच्या दुधासाठीच बनवली असावी.

पुढे खंडेनवमी आली. आमच्याकडे शिपाईगड्याचं घर म्हणून हत्यारं मांडायची रीत. राणीने माझा जुना पट्टा मांडला, विळा मांडला, कुऱ्हाड मांडली, आणि माझ्या नकळत अख्खा पिट्ठूही मांडला. चकत्यांना हळदकुंकू, वर झेंडूचा हार. दुपारी अजीम दारात हजर. (त्याच्या दुकानात कामगारांनी वेल्डिंगचं मशीन पूजेला बसवलं होतं, त्यामुळे तोही बिनकामाचा.) म्हणाला, चला माळावर. मी पिट्ठूला हात घालायला गेलो तर राणीने लाटणं आडवं धरलं. पूजेतलं हत्यार सोनं लुटेपर्यंत हलवायचं नाही, आणि त्यात ते जावयाने दिलेलं. मी म्हणालो, निदान एक तरी दे. ती म्हणाली, हात तर लावून बघा. दाजी, मी सरहद्दीवर थंडीवाऱ्यात उभा राहिलोय, पण त्या लाटण्यापुढे माघार घेतली.

पूजेबाहेर राहिलेली चकती घरात एकच होती. राणी वाती वळत असताना मी ती पातेल्यावरून अलगद उचलली आणि निघालो. (मांजर का खुशाल आहे ते आता आलं लक्षात.)

अजीमकडे भरलेली बॅग, माझ्याकडे दुधाचं झाकण. लांबची फेकही त्या झाकणानेच, जवळचीही झाकणानेच. कडेला साय लागलेली, त्यामुळे पहिली फेक हातातून निसटून माझ्याच मागे पडली. तेवढ्यात सुलाबाईंच्या कुत्र्याला सायीचा वास लागला. मग मी फेकायची आणि कुत्र्याने चाटायची, असा आमचा क्रम बसला. कुत्र्याने चकती हलवली तर पुढची फेक कुठून धरायची यावर आम्ही बराच वाद घातला, आणि एकदा त्याच्यामागे धावताना माझी कंबर धरली.

पण दाजी, शेवटची टोपली ऐका. ती तुम्हीच रोवून घेतली होती, उजव्या वळणावर, डाव्या हाताला सुलाबाईंचा उकिरडा. नवी चकती शेवटी डावीकडे वळतेच, तिला काही सांगता येत नाही. तुमची लाल मी तिथे महिनाभर फेकली आणि महिनाभर उकिरड्यातून उचलून धुतली. अजीमनेही त्याची नवी फेकली, ती गेली थेट शेणात. मग मी निळी सोडली. ती आधी सरळ गेली, मग सावकाश उजवीकडे झुकली, वळण घेतलं आणि साखळीवर वाजली. झिजली म्हणूनच वळली. नवी असताना तिनेही उकिरडाच गाठला असता. अजीम शेणातली चकती काठीने काढत होता, तो तसाच थांबला. “सुभेदार, ही टाकायची न्हाई. हिला रस्ता ठावा हाय,” म्हणाला. मला एकदम तुमची आठवण आली आणि भरून आलं. कुत्र्याशिवाय कुणी पाहिलं नाही.

आपट्याच्या पानाला आपण सोनं म्हणतो, मग या चकतीला पिशवीत जागा द्यायला काय हरकत आहे, ते तुम्हीच सांगा. अक्काला माझा नमस्कार. तिला भेंडी तिच्या मनासारखी चिरू द्यावी.

तुमच्या आज्ञेत (एवढी एक सोडून) असलेला,
मानसिंग

ता. क. १ : खेळ अजीमने जिंकला. पण शेवटची टोपली माझी.

ता. क. २ : दिवाळीनंतर आमच्या माळावर जोड्यांचे सामने आहेत. माझ्या जोडीला तुमचं नाव दिलंय. डॉक्टरांची मनाई नाही, अक्काला विचारून खात्री केली आहे. लांबचं मी फेकेन, वळणावरचं तुम्ही.

ता. क. ३ : निळी आता पिट्ठूत आहे. दसऱ्याला सोनं लुटून घरी आलो तर पातेल्यावर तुमची लाल! राणी ती परत द्यायला तयार नाही. म्हणते, आधी झाकण आणा. तेव्हा सांगलीहून त्या मापाचं एक झाकण आणावं. कुरिअरने पाठवू नये, आलं तर परत पाठवीन. राणीला ते जावयाच्या हातूनच हवंय.