भट्टीची सवय

३ एप्रिल

कंपनीच्या वार्षिक शर्यतीत दर वर्षी बेकरीवाले जिंकतात आणि आम्ही कोल्ड स्टोरेजवाले टाळ्या वाजवतो. आज कॅंटीनमध्ये मी सहज म्हणालो, पाच किलोमीटर म्हणजे काय मोठं, मनात आणलं तर त्या तुफानलाही मागे टाकेन. तुफान म्हणजे बेकरीतला भट्टीवाला. कितीतरी वर्षं सलग पहिला. साहेब नेमके माझ्या मागे ताट घेऊन उभे होते. माझा भात संपायच्या आत बोर्डावर माझं नाव.

अडकलो वगैरे काही नाही. संधी आहे. सेहेचाळीस हे काही वय नाही.

४ एप्रिल, सकाळी

नाव काढून घेता येतं का, असं साहेबांना विचारलं. केवळ माहितीसाठी. ते म्हणाले, परमनंट मार्करने लिहिलंय.

५ एप्रिल

शर्यत मे महिन्यात, दुपारी चारला, कारण मैदान तेव्हाच मोकळं मिळतं. का मोकळं मिळतं ते उघड आहे.

इंटरनेटवर बसून सगळं वाचलं. बेकरीवाले जिंकतात ते पायांमुळे नाही! रोज उष्णतेत राहिलं की पंधरवड्यात शरीर सरावतं. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, नाडी शांत राहते. आम्ही दिवसभर उणे अठरा अंशांत मटारची खोकी मोजणार आणि मग उन्हात धावणार. वितळणार नाही तर काय होणार? तेव्हा प्रश्न धावण्याचा नाहीच, तापण्याचा आहे. उष्णतेत व्यायामही करा असं पुढे लिहिलं होतं, पण ते पुढचं.

संकल्प: आधी तापणं. मग धावणं.

७ एप्रिल

बेडरूमच्या खिडक्या बंद, पंखा बंद, अंगात स्वेटर. बायको उशी घेऊन हॉलमध्ये गेली. मुलीने दारातून डोकावून विचारलं, बाबा आजारी आहेत की रुसलेत. हॉलमधून उत्तर आलं की दोन्ही नाही, ते खेळाडू झालेत.

१० एप्रिल, दुपारी

आज गाडीत बसून तापलो. गाडी उन्हात, काचा बंद. पाय लांब करता यावेत म्हणून मागच्या सीटवर बसलो. पाचेक मिनिटांनी पुरे वाटलं. दार उघडेना. मुलगी लहान असताना लावलेलं चाइल्ड लॉक अजून तसंच. पुढे सरकायला गेलो तर दोन सीटच्या मध्ये पोट अडकलं. वॉचमनला हात केला. त्याने उलट मला सलाम केला.

शेवटी बायकोने येऊन दार उघडलं. म्हणाली, याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. मी घाम पुसत नाडी बघितली. खूपच जास्त होती, पण ती बायकोमुळे.

१२ एप्रिल

खरा दोष सापडला. घरी मिळवलेली उष्णता नोकरीत वाया जाते. साहेबांकडे गेलो आणि शर्यतीपर्यंत मला बेकरीत पाठवा म्हणालो. बदल्यात तिकडचा एक माणूस आमच्याकडे. डावपेच असा की तुफाननेच इकडे यावं, म्हणजे मी तापेन आणि तो थंड पडेल. साहेब लगेच हो म्हणाले. मला वाटलं होतं थोडं पटवावं लागेल.

१५ एप्रिल

बेकरी, पहिला दिवस. शिफ्ट पहाटे चारला. हे कोणी सांगितलं नव्हतं.

भट्टीचं दार उघडलं की भुवया आखडतात. सकाळी मला चक्कर आली असं सगळे म्हणतात, ते खोटं आहे. मी मैद्याच्या पोत्यावर थोडा विचार करत पडलो होतो. हेडमास्तरांनी (हे शाळेचे नव्हेत, पिठाचे; बेकरीत मुख्य कारागिराला असंच म्हणतात) मीठ-साखरेचं पाणी पाजलं.

१९ एप्रिल

तेच.

२३ एप्रिल

शरीर सरावतंय! घाम इतका लवकर सुटतो की आता गेटपाशीच सुरू होतो. वजन दोन किलो वाढलं. रक्तातलं पाणी. बायको म्हणते, बन मस्का. तिला शास्त्रातलं कळत नाही. बन मी फक्त तपासण्यापुरते खातो, आणि ट्रे फार असतात त्याला मी काय करणार.

२८ एप्रिल

पहिल्यांदा धावलो. बागेला अर्धी फेरी. उरलेली अर्धी मुद्दाम सोडली, लेस सैल होती.

३ मे

जाकीट आणायला कोल्ड स्टोरेजमध्ये गेलो. ते तुफानने घातलं होतं. त्याला बरोबर बसतं. मला खांद्यात मोठं व्हायचं. माझ्या टेबलावर त्याचा डबा. मटार जुना-नवा असा वेगळा लावलेला. हे मी दोन वर्षं करणार होतो.

म्हटलं, तुफानभाऊ, थंडीत हाल होत असतील ना. शर्यत झाली की सुटलात तुम्ही.

त्याने हातमोजे काढले. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग आहेत. इतक्या वर्षांत मी ते पाहिले नव्हते. हळू आवाजात म्हणाला, "दादा, इथे आल्यापासून मला झोप लागते."

मी म्हणालो, छान. जाकीट न घेताच आलो.

८ मे

साहेबांना विचारायला गेलो की शर्यतीनंतर नक्की कोणत्या तारखेला परत. ते फोनवर होते. दाराबाहेर बराच वेळ थांबलो. पाव भाजायची वेळ झाली म्हणून परतलो.

१२ मे, संध्याकाळी

शर्यत झाली.

ज्याची हजेरी जिथे, तो त्या संघात, हा नियम आज कळला. मला बेकरीचा बनियन दिला. पोटावर ताणला गेल्यामुळे 'बेकरी'तला 'बे' मागे गेला. शरीराने उत्तम साथ दिली. उष्णता अजिबात जाणवली नाही. तिसऱ्या किलोमीटरला जे जाणवलं ते गुडघे होते. कडेला बसलो.

तुफानही धापा टाकत आला, चेहरा लालबुंद. महिनाभर थंडीत राहून उन्हाची सवय गेली म्हणाला. माझा डावपेच तंतोतंत साधला होता. तो पुढे जाईल असं वाटलं, पण शेजारी बसला आणि त्याची पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली. मग दोघं चालत शेवटच्या दोन नंबरांत आलो. पहिली आली अकाउंट्समधली नवी मुलगी. ती दिवसभर एसीत बसते. फक्त रोज पहाटे धावते म्हणे.

या मुद्द्याचा नीट अभ्यास करायला हवा.

१३ मे

साहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. आज सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. वाक्य पाठ होतं: साहेब, माझी जागा मला परत द्या. इतकंच.

साहेब म्हणाले, महिनाभर बघतोय, उष्णता शरीराला कशी चांगली हे तुम्ही सगळ्या कंपनीला सांगत फिरताय. मग म्हणाले, "मानवली ना भट्टी? का परत जायचंय?"

तुफान हात मागे बांधून फरशीकडे बघत होता. बाही जरा वर सरकली होती.

मी तोंड उघडलं. पाठ केलेलं वाक्य जिभेवर होतं.

"मानवली," मी म्हणालो. "एकदम."

घरी सांगितल्यावर बायकोने ताट वाढलं, खिडकी उघडली आणि पहाटे तीनचा गजर तिनेच लावला.

सराव चालू ठेवला तर टिकतो, असं वाचलंय. पंचावन्नाव्या वर्षी मी या भागातला सर्वांत सरावलेला माणूस असेन.

उकडतंय.