सव्वानऊ की नऊ सतरा

मंगळवार, २ डिसेंबर. फुलचूर.

पल्लवीचं लग्न मोडतंय, आणि कशावरून? दोन मिनिटांवरून! तिची आई रेखा दुपारी शेजारून रडतच आली. "सिस्टर, पोराकडचा पंडित म्हणून राहिला, जन्मवेळेच्या एका मिनिटाचे दशेत पाच दिवस होतेत. पोरीची चांगली दशा लग्नाच्या आठ दिवस आधीच संपते."

मिनिटाचे पाच दिवस! हा कुठला हिशोब? चिडून विचारलं, "नऊ सतराला जन्मली, हे त्याला कोणी सांगितलं?"

"कोणी म्हणजे? तुमीच त लिहून देलं होतं दवाखान्यात!"

दिलं होतं. पण तेव्हा घड्याळ पाहायला सवड कुणाला होती? पोर रडतच नव्हती. ती रडली, रेखाला टाके घातले, हात धुतले, मग अंदाजाने वेळ लिहिली. सव्वानऊ लिहिलं की मेट्रन 'अंदाजपंचे' म्हणून ओरडायची, म्हणून सतरा. दोन मिनिटं, दहा दिवस. माझेच.

लहानपणी ननांच्या शाळेत खोट्याला छडी होती. असू दे. उद्या त्या पंडिताला ठणकावून सांगणार, सव्वानऊच वाजले होते. तेही मला माहीत नाहीच. पण पहिला आकडा माझ्या शब्दावर चालला, तर दुसरा का नाही चालणार?