दोघांच्या नावावरची गाडी

मी, खाली सही करणारी, चष्मे तयार करण्याच्या धंद्यातून निवृत्त झालेली, अविवाहित, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी सकाळीच दिला. देताना ते म्हणाले, "तुमचं डोकं माझ्यापेक्षा बरं चालतं." हे दाखल्यात आलेले नाही, म्हणून इथे नोंदवते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकू शकेल असा एकच माणूस या घरात होता, माझा धाकटा भाऊ. तो गेल्या वर्षी थंडीत गेला. आधीच्या मृत्युपत्रात मी सगळे त्यालाच दिले होते, कारण मी मोठी, म्हणून मीच आधी जाणार असे धरून चालले होते. ते मृत्युपत्र मी फाडले आहे. आता हेच खरे समजावे.

कलम पहिले : घर. घर दुमजली आहे. खालचा मजला भावाचा होता, तो रीतसर त्याच्या बायकोचा आणि मुलांचा झाला आहे. वरचा मजला माझा. तो मी भावजयीला देते. तिच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही हे मला ठाऊक आहे, तेव्हा तिने तो भाड्याने द्यावा आणि भाडेकरू पायांनी हलका बघावा. भाऊ आणि मी बरीच वर्षे एकमेकांशी बोलत नव्हतो. त्या सगळ्या काळात तिने एकदाही कोणाची बाजू घेतली नाही. खाली केलेल्या भाजीची वाटी मुकाट्याने वर येत राहिली आणि मी ती मुकाट्याने धुऊन परत करत राहिले. मजला त्या वाट्यांच्या बदल्यात नाही. तो तिचा हक्क आहे असे मी मानते.

कलम दुसरे : हत्यारे. भिंगांना कड लावायचे चाक, फ्रेमचे चिमटे आणि नजर तपासायच्या भिंगांची पेटी दुकान चालवणाऱ्या माझ्या मदतनीस बाईला द्यावी. पेटीतली दोन भिंगे मी फोडली आहेत, तिने नाही. हे तिला सांगावे, ती अजून स्वतःलाच दोष देते.

कलम तिसरे : शिल्लक. माझ्या अंत्यविधीचा खर्च वजा जाता बँकेत जे उरेल ते आई जिथे वारली त्या शुश्रूषागृहाला द्यावे. त्यातून भेटायला येणाऱ्यांच्या खोलीत खुर्च्या घ्याव्यात. तिथे तेव्हा एकच खुर्ची होती आणि आम्ही दोघे होतो. मी बसले. भाऊ भिंतीला टेकून उभा राहिला.

कलम चौथे : माझ्या चुलत बहिणीला दिवाणखान्यातला मोठा आरसा द्यावा. आई गेली त्या दिवशी, घर माणसांनी भरलेले असताना, "आता मजले वाटून घ्या म्हणजे झालं" असे ती मोठ्याने म्हणाली होती. आरसा देताना कारण सांगू नये.

कलम पाचवे : गाडी. हे कलम लांबेल. वकीलबाई म्हणाल्या, "वाहनाला दोन ओळी पुरतात." त्यांनी ही गाडी पाहिलेली नाही.

गाडी फिकट हिरवी, चार दारांची, गोल दिव्यांची. वडील जमिनीची मोजणी करत. त्यांनी ती कामासाठी नवी कोरी घेतली आणि जाताना आम्हा दोघांच्या नावावर करून गेले. घराचे मजल्यांनी वाटे पडतात, गाडीचे पडत नाहीत. त्यामुळे ती दोघांचीच राहिली.

आमचा अबोला कशावरून झाला ते लिहिते, कारण भावाच्या मुलांना, म्हणजे भाचा आणि भाची यांना, ते अर्धवटच माहीत आहे. आई घरात पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. मी तेव्हा नवे यंत्र शिकायला परगावी गेले होते. परतले तो आईची खाट रिकामी, आणि भाऊ तिच्या खोलीत हातात ब्रश घेऊन उभा. अर्धी भिंत पिवळी, अर्धी पांढरी.

"आई कुठंय?"

"शुश्रूषागृहात. तिथं तिची नीट सोय होईल, ताई."

"आणि हे काय चाललंय?"

"रंग देतोय."

मी पुढे काही विचारले नाही. आई अजून जिवंत आहे आणि हा तिची खोली स्वतःसाठी तयार करतोय, एवढेच मला दिसले. आई परत आली नाही. त्यानंतर आम्ही एकाच दारातून ये-जा करत राहिलो, एकाच घंटीला दार उघडत राहिलो, आणि बोललो नाही.

पण जुन्या गाडीला दरवर्षी तपासणी लागते. रस्त्यावर आणायच्या लायकीची आहे असा दाखला मिळाल्याशिवाय ती चालवता येत नाही. मालक दोन, म्हणून सह्या दोन, आणि त्याही तपासणी केंद्राच्या खिडकीपाशी समोर उभे राहून. दर नोव्हेंबरात ठरलेल्या सकाळी तो खालून हॉर्न वाजवी. मी उतरून मागच्या सीटवर बसे, गिऱ्हाइकासारखी.

ती गाडी दरवर्षी पास होत असे. चाके रोलरवर चढवून ब्रेक जोखत, दिव्यांचा झोत बघत, धूर बघत, मग निरीक्षक खाली खड्ड्यात उतरून पत्रा ठोकून बघत. आमच्या पुढच्या चकचकीत गाड्या तोंड पाडून परत जात आणि आमची म्हातारी ऐटीत बाहेर येई. भाऊ लिफ्ट दुरुस्तीचे काम करी. दिवसभर लोकांना वरखाली न्यायची सोय बघून संध्याकाळी तो गाडीखाली पडून राही. जुने निरीक्षक "पास!" असे ओरडत तेव्हा तो त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघे.

"झाली पास."

"झाली."

वर्षभराचे बोलणे एवढेच. मग एका वर्षी मागची सीट हत्यारांच्या पेट्यांनी भरलेली होती. मला पुढे बसावे लागले. पेट्या तिथे कशासाठी होत्या हे मी विचारले नाही, पण पुढच्या सीटवर बसल्यावर माणूस किती वेळ गप्प राहणार? त्याच्या गुडघ्यांविषयी बोललो. माझ्या दुकानाविषयी, भाचीच्या लग्नाविषयी बोललो. केंद्रात बाकावर बसून तिथला पांचट चहा प्यायलो. घरी पोचलो की जिन्यापाशी पुन्हा गप्प.

काही वर्षांनी नियम बदलला. इतक्या जुन्या गाड्यांना तपासणीची सक्ती उरली नाही. तसे पत्र आले, ते मी त्याच्या दाराखालून सरकवले आणि वर येऊन बसले. वाटले, संपले आता. नोव्हेंबरातली ती सकाळ आली आणि खाली हॉर्न वाजला. मी खिडकी उघडली.

"आता कशाला? सक्ती नाहीये."

"सरकारला नको असेल. मला ब्रेक बघून घ्यायचेत. चल ना, ताई."

मी गेले. पुढेही जात राहिले.

त्यानंतर दोनेक वर्षांनी गाडी पहिल्यांदा नापास झाली. हॉर्नच वाजेना. भाऊ डोक्याला हात लावून म्हणाला, "असं कसं झालं बुवा!" आठवड्याने पुन्हा यायला सांगितले, आम्ही गेलो. पुढच्या वर्षी वायपर निकामी, पुन्हा दोन फेऱ्या. तोवर जुने निरीक्षक जाऊन एक बाई आल्या होत्या. त्यांनी मला खिडकीपाशी बोलावले.

"आजी, एक सांगू का? रागावू नका."

"सांगा."

"गाडीला काही झालेलं नाही. तुम्ही सही करायला येता ना, तेव्हा तुमचे भाऊ वायपरची पट्टी काढून कोटात घालतात. मी इथून बघत असते."

मी बाकाकडे पाहिले. तो दोन पेले सांभाळत, चहा सांडू न देता येत होता. कोट अंगावर नुसता लोंबत होता. त्याच्या पोटात काय वाढते आहे हे भावजयीने मला महिन्यापूर्वी सांगितले होते. त्याने स्वतः सांगितले नव्हते.

"मग काय करू? नापासच लिहू?" बाईंनी विचारले.

"लिहा," मी म्हणाले. "आणि त्याला काही बोलू नका."

शेवटच्या नोव्हेंबरात नंबरपाटीवरचा दिवा नव्हता. गाडी रोलरवर होती आणि आम्ही बाकावर. तो म्हणाला, "ताई, आईची खोली आठवते? मी रंगवत होतो ती?"

"आठवते."

"तिला तो पिवळा रंग आवडायचा नाही. त्यात बसलं की आजारी वाटतं म्हणायची. मला वाटलं, परत येईल तेव्हा पांढऱ्या भिंती बघून खूश होईल."

मी चहाचा पेला बाकावर ठेवला.

"हे तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस. आणि मग ती गेलीच. मग काय सांगायचं?"

"मला न विचारता तिला तिथं हलवायला नको होतंस तू."

"नको होतं," तो म्हणाला.

हे मी आजही म्हणते, आणि त्यानेही मान्य केले, तेव्हा ते इथे तसेच राहू द्यावे. निकाल नापास आला. "पुढच्या आठवड्यात यावं लागणार," तो म्हणाला. मी म्हणाले, "येऊ की." त्या दिवशी जिन्यापाशी आम्ही गप्प झालो नाही. भावजय जेवायला हाक मारेपर्यंत पायरीवर बसून बोलत होतो.

पुढच्या आठवड्यात तो अंथरुणातून उठू शकला नाही, आणि महिना उलटायच्या आत गेला. भावजयीने कोट झटकला तेव्हा खिशातून छोटा दिवा निघाला. ती भिंत धरत धरत, सगळा जिना चढून, तो मला विचारायला वर आली. "हा कशाचा हो?" मी सांगितले. मग आम्ही दोघी तिथेच बसून रडलो.

आता भाचा आणि भाची यांच्याविषयी. खालचा मजला विकावा असे भाच्याला वाटते, जसा आहे तसा ठेवावा असे भाचीला वाटते. दोघांचे म्हणणे मला पटते. दोघे एकमेकांशी बोलत नाहीत, ते मात्र पटत नाही. म्हणून ही गाडी मी त्या दोघांच्या नावावर, समान हक्काने, देत आहे. तिच्यातला भावाचा अर्धा हिस्सा त्यानेच मला लिहून दिला होता, तेव्हा ती पूर्ण माझी आहे. वकीलबाई म्हणाल्या, "एका वस्तूला दोन मालक म्हणजे भांडणाला निमंत्रण." मी म्हणाले, भांडायला तरी समोरासमोर येतील. दरवर्षी दोघांनी मिळून तिची तपासणी करून घ्यावी अशी अट मला घालायची होती. ती कोर्टात टिकणार नाही असे कळले. तेव्हा आत्याची विनंती समजावी.

या नोव्हेंबरात मी त्या दोघांना केंद्रात बोलावले होते. भाची मला याच गाडीतून घेऊन आली, भाचा बसने आला. नंबरपाटीचा दिवा त्यानेच आदल्या रविवारी बसवून दिला होता, बहीण घरी नसताना. बाकाच्या एका टोकाला तो, एका टोकाला ती, मध्ये मी. निरीक्षक बाईंनी ब्रेक पाहिले, झोत पाहिला, धूर पाहिला, खड्ड्यात उतरून पत्रा ठोकला. सगळे ठीक होते. कोणी काही काढून ठेवले नव्हते. गाडी पहिल्याच फेरीत पास झाली आणि दाखला हातात ठेवताना बाईंना माझ्याकडे बघवेना.

पुन्हा यायचे काही कारण उरले नव्हते. आम्ही घरी आलो.

वर लिहिलेले सगळे मी वाचून पाहिले, माझ्याच दुकानात केलेल्या चष्म्यातून. खाडाखोड नाही. ते माझ्या इच्छेप्रमाणे आहे म्हणून मी खालील दोघांच्या देखत, आणि त्यांनी माझ्या देखत, सही केली.

सही : (चष्म्याच्या दुकानाची निवृत्त मालकीण, घरात आणि गल्लीत ताई)

साक्षीदार १ : (कुटुंबाचे डॉक्टर)

साक्षीदार २ : (वाहन तपासणी केंद्रातील निरीक्षक बाई)

ठिकाण : राहत्या घरी, वरचा मजला

दिनांक : १२ डिसेंबर