सुमनची पाच कार्डं

मंगळ., ७ एप्रिल
सु.ला घरी आणून तीन दिवस झाले. हॉस्पिटलच्या कागदावर दोन शब्द आहेत : डिस्फेझिया, डिस्फेजिया. वैशू म्हणाली, "बाबा, टाइप करणाऱ्यानं एकच शब्द दोनदा मारलाय." म्हटलं, नाही. पहिल्यात बोलणं जातं, दुसऱ्यात गिळणं. तुझ्या आईची उजवी बाजू गेली तेव्हा दोन्ही सोबतच गेलं.
पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. असले जुळे शब्द पोरांकडून घोकून घ्यायचो. जित्याची खोड. लेकीलाही लगेच खूण सांगितली : ज म्हणजे जेवण, झ म्हणजे झालं बोलून. ती हसली नाही. सु. समोरच पडलेली. तिला ऐकू सगळं येतं. नंतर स्वतःचीच लाज वाटली.

गुरु., ९
शबाना मॅडम येऊन गेल्या. बोलणं शिकवणाऱ्या आणि गिळणं शिकवणाऱ्या बाई एकच. पातळ पाणी बंद म्हणाल्या, ते फुप्फुसात उतरतं. पाण्यात पावडर घालून पेजेसारखं दाट करायचं. ताठ बसवून, हनुवटी खाली, चमच्या-चमच्यानं.
निघताना दारात थांबून : "सर, खाँसी नै आई तो पानी बराबर गया, ऐसा नक्को समझो. इन को पताच नै चलता."
लाल पेननं लिहून ठेवलं.
बोलण्यासाठी चित्रांची कार्डं करायला सांगितलीत.

शनि., ११
कार्डं झाली. शर्टांच्या खोक्यातले पुठ्ठे कापले. पाणी, दुखतंय, लघवी, झोप, वैशू. गरजेच्या क्रमानं, डावीकडून. पाणी पहिलं. चित्रं वाईट आलीत. माठ भोपळ्यासारखा दिसतो.
ट्रेवर ओळीनं मांडली. सु.नं डावा हात उचलला, बराच वेळ थरथरला, मग पाण्यावर ठेवला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली. मी रडलो. वैशूही.
दाट पाणी दिलं. थुंकून टाकलं तिनं.

सोम., १३
वैशू वैजापूरला परतली. तिच्या मुलांच्या परीक्षा.
आठ दिवसांनी आज नळ आला. ड्रम, बादल्या, पातेली. सु. त्या आवाजाकडं मान वळवून पाहत राहिली. ऊन असं की खिडकीच्या गजाला हात लावता येत नाही.
कार्डं सहा वेळा मांडली. सहाही वेळा पाणी. दाट पाणी बघितलं की तोंड घट्ट मिटते. चिकट, बेचव. मी एक चमचा खाऊन पाहिलं. खळ.

बुध., १५
सु.ची धाकटी बहीण तारा सोयगावहून आली. सोबतीला राहणार. बरं झालं, सु.चे कपडे बदलणं माझ्या एकट्याकडून होत नाही.
तिच्यासमोर कार्डं मांडली. पाणी. मी पावडरचा डबा काढला तर कडाडली.
"दाजी, आक्का पाणी मागून ऱ्हायली, अन् तुमी तिला खळ चारता व्हय? तहानलेल्याला नाय म्हणू नाय. लई पाप लागतं."
तिला दोन्ही शब्दांतला फरक समजावला. अगदी वर्गात सांगावा तसा.
"तुमचं इंग्रजी ऱ्हाऊ द्या तिकडं. ती काय मागती ते बघा."


गुरु., १६
दुपारी तारा आतल्या खोलीत झोपलेली. कार्डं मांडली. पाणी.
माठातलं तीन चमचे दिलं. सु.नं डोळे मिटले. चेहरा कसा झाला ते लिहिता येत नाही. आजारापूर्वीचा होता, एवढंच.
दहा मिनिटं घड्याळ लावून बसलो. खोकला नाही.
लाल पेनचं पान उघडलं नाही. पाठ होतं.

शुक्र., १७
सकाळी पाव वाटी, दुपारी पाव वाटी. खोकला नाही. ताराला सांगितलं नाही, नाहीतर गावभर जिंकल्याचं सांगेल. शबाना मॅडमचा फोन आला. "सर, सब ठीक?" हो म्हणालो.
हे आमचं दोघांचंच. फार दिवसांनी सु.चं नि माझं असं काहीतरी झालं. खूश होतो. लिहून ठेवतो, म्हणजे नंतर नव्हतो असं म्हणता येणार नाही.

रवि., १९
पहाटे अंग तापलेलं. श्वास घुरघुरतोय. पाणी दिलं नाही. कार्डं मांडलीच नाहीत.

सोम., २०
आयसीयू. न्यूमोनिया. वैशू सकाळीच पोचली.
डॉक्टर : "तोंडानं पातळ काही दिलं होतं?"
मी बोलायच्या आत वैशू म्हणाली, "नाही हो डॉक्टर. आमचे बाबा नियमाचे पक्के आहेत."
डॉक्टरांनी मान हलवली, कागदावर लिहिलं. मला बोलता येत होतं, गिळताही येत होतं. आवंढा गिळला.

मंगळ., २१
तारा बाहेर बाकड्यावर जप करत बसलीय. माझ्याकडं बघत नाही. ओळखलं असावं.
डॉक्टरांच्या खोलीपर्यंत दोनदा गेलो. दोनदा परत.

बुध., २२
सु.नं डोळे उघडले. दहा मिनिटं आत सोडलं. वैशूनं घरून कार्डं आणली होती. चादरीवर तिनं मांडली, हाताला येतील तशी. सु.चा डावा हात उठला, थरथरला आणि लघवीवर पडला.
"अगं आई, नळी लावलीय की," वैशू म्हणाली. गोळा केली, परत मांडली. या वेळी झोप. "झोप मग," म्हणत तिनं कपाळावरून हात फिरवला.
मी पायाशी उभा होतो. दोन्ही वेळा ज्यावर हात पडला तेच कार्ड तिच्या सगळ्यात डावीकडं होतं.
हात उजवीकडं पोचतच नसेल. मी दर वेळी पाणी तिच्या हाताखाली ठेवत होतो.
किंवा आज ग्लानीत होती. तेव्हा खरंच तहान होती. चेहरा मी पाहिलाय. तो चेहरा खोटा नव्हता.

गुरु., २३
सकाळी डॉक्टरांना सांगितलं. पाणी दिलं, किती दिलं, कधीपासून. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं होतं. वैशू शेजारीच होती. तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. तारानं मात्र चहा आणून दिला.
श्वास कालपेक्षा जड आहे. डॉक्टर म्हणतात, बोलून घ्या.
चारला आत सोडतात. आता साडेतीन. चार कार्डं पिशवीत आहेत, पाण्याचं वेगळं काढून खिशात ठेवलंय. अगदी उजवीकडं मांडलं आणि हात तिथवर आला, तर ती मागत होती. नाही आला तर
मांडायचं का, तेच ठरत नाही.