भिंतीने रंग धरायला हवा

भोईवाडा, ३१ मार्च २०२५

ती. सुनेत्रा आत्येस,
मेघनाचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून पुन्हा कागदच. आत्ये, खानावळीची चावी मिळाली! अक्षय तृतीयेला उघडायचीच. पहिले वडे तूच तळणार, हे मी सगळ्या चाळीला सांगून बसलेय.

पण घोळ झालाय गं. गल्ल्यामागची ती बिनगिलाव्याची विटांची भिंत आठवते ना? जुना हिरवा ऑइलपेंट, वर तेलकट काजळी. परवा साबणाने खसाखसा धुतली. आणि काल, तू काढून दिलेला पाडव्याचा मुहूर्त चुकू नये म्हणून ओल्या भिंतीलाच प्रायमर फासला. आज बघते तर फोडच फोड! पोपडे नुसत्या हाताने निघतायत. तुझ्या जावयाने, अजितने, तर कपाळालाच हात लावला.

काय करू, लवकर कळव. लोभ आहेच, वर थोडं रागावलीस तरी चालेल.

तुझी,
मेघना

अँटॉप हिल, ३ एप्रिल

चि. मेघनास अनेक आशीर्वाद.

अगं बये! एखाद्या कोरड्या विटेला ब्रश टेकवला असतास तरी पाडवा साधला असता. आमच्या सरकारी क्वार्टरच्या भिंती मी दर गणपतीला स्वतः रंगवायचे, विसरलीस? आता सुटणारं सगळं खरवड. विटांमधल्या दरजांतून तारेचा ब्रश फिरव. घट्ट बसलेल्या रंगाची चकाकी पॉलिश पेपरने मार, धूळ पूस आणि पंखा लावून चांगली सुकू दे. मगच प्रायमर. तो वाळला की चिकटपट्टी दाबून खस्सकन ओढ आणि ती पट्टी मला पाठव.

तिच्यावर रंगाचा कण जरी दिसला तरी मी यायची नाही. लोकांच्या सागोतीच्या रश्शात पोपडे पडलेले मला बघवणार नाहीत.

अजितला आशीर्वाद. तब्येतीला जप.

तुझी आत्या

भोईवाडा, २६ एप्रिल

ती. आत्येस सा. न.

पट्टी सोबत आहे. उजेडात धरून बघ, कोरी करकरीत! मी तर खुर्चीवर चढून नाचले. पण सुकवण्यातच महिना गेला, वरचा पिवळा रंग बुधवारपर्यंत होत नाही. अजित म्हणतो उद्घाटन पुढे ढकलू. मला रडू येतंय. तू म्हणशील तसं करते.

तुझी,
मेघना

अँटॉप हिल, २८ एप्रिल

चि. मेघनास आशीर्वाद.

काही ढकलायचं नाही! पांढऱ्या भिंतीसमोर लोक जेवत नाहीत का? पिवळा मागाहून दे. बुधवारी सकाळी अजितला टॅक्सी घेऊन पाठव, जिना उतरताना हात धरायला लागेल.

कण दिसला तर येणार नाही म्हटलं, ते तुला धाक म्हणून गं. वड्यांचं पीठ मी पाडव्यालाच दळून आणलंय.

तुझ्याइतकीच उतावीळ,
आत्या