हॉग आणि आटपाडीचं स्थळ

६ मे, मंगळवार
वय छत्तीस. यंदा लग्न पक्कं. नानासोमामांनी आटपाडीचं स्थळ आणलंय. मुलगी प्रांजल, बी.कॉम. इंग्लिश कच्चं असणार, पण मी आहे ना. विश्रामबागेत स्पोकन इंग्लिशचा क्लास उगाच चालवत नाही. सध्या बॅच नाही. उन्हाळा.

९ मे, शुक्रवार
मुलीशी एकट्यानं बोलायला देतात तेव्हा बाकीचे पगार आणि फ्लॅट सांगत बसतात. मी एक शब्द शिकवणार. हॉग, म्हणजे डुक्कर. त्यात अख्खं इंग्लिश आहे! रस्ता अडवून गाडी हाकणारा तो रोड हॉग. काम पार तडीस नेणं म्हणजे गो द होल हॉग. नुसत्या बाता म्हणजे हॉगवॉश. आई म्हणाली, तिला तिच्याबद्दल इचार की रं. आईला काय कळतंय.

११ मे, रविवार, संध्याकाळ
सक्सेस! पोहे झाल्यावर आम्हाला गच्चीवर धाडलं. शब्द उदाहरणानं ठसतो, म्हणून उदाहरणं घरातलीच घेतली. तिचे वडील जोतीराम कुणाला बोलूच देत नव्हते, ते कॉन्व्हर्सेशन हॉग करणं. तिची काकू पोह्यांवर तुटून पडली होती, ते हॉगिंग. प्रांजल सारखी जिन्याकडे बघत होती. भारावली होती. जिन्यात म्हणाली, मला काय इचारायचं न्हाई का? म्हटलं, विचारलं की, हॉगचं स्पेलिंग.

१३ मे, मंगळवार
निरोप नाही. जोतीरामना व्हॉट्सॲपवर उदाहरणांसकट सगळे अर्थ पाठवले. ब्लू टिक आली. घरात अभ्यास चालू असणार.

१५ मे, गुरुवार
मामांचा फोन. नकार. काकू रडली म्हणे. आमच्यासाठी सकाळपासून उपाशी राबत होती म्हणे. हे मला आधी सांगायला नको? मामा म्हणाले, इथून पुढं तुझ्यासाठी कुटं शब्द टाकनार न्हाई. पर्ल्स बिफोर स्वाइन. डुकरांपुढे मोती टाकले मी.

१६ मे, शुक्रवार
नवा प्लॅन. महाबळेश्वरची मुलगी बघायची. टुरिस्टांमुळे तिथं इंग्लिश बरं असतं. आईला सांगायला स्वयंपाकघराकडे गेलो. ती मावशीशी फोनवर बोलत होती, म्हणून दारातच थांबलो. म्हणत होती, माज्या पोटचा हाय म्हनून मी सोसतीया, दुसऱ्याच्या लेकीनं का सोसायचं? ती पोरगी न्हाई म्हनली आन् मी देव्हाऱ्यात बिरुबाफुडं साखर ठेवली.

चहा मागणार होतो. मागितला नाही.